मिशन-घरात ताटं किती होती? एका आई-मुलाच्या आठवणी वाचताना

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज एका पुस्तकाबद्दल बोलू. विषय तसा आपल्यापासून खूप लांबचा आहे: कॅनडाच्या उत्तरेकडची खेडी, तिथे धर्मप्रसारासाठी गेलेलं एक मेथडिस्ट कुटुंब आणि 1868 ते 1876 ही आठ वर्षं. पण आत्मचरित्र, रोजनिशी, पत्रं, आठवणी असा कुठलाही ऐवज साधन म्हणून वापरायचा तुमचा विचार असेल, तर हे पुस्तक तुमच्या कामाचं आहे. आई-वडील आणि मुलगा, एकाच घरातल्या या तिघांनी एकाच काळाबद्दल वेगवेगळ्या वेळी लिहिलं आणि तिन्ही लेखन आज आपल्याला वाचायला मिळतं. अशी संधी अभ्यासकाला फार वेळा मिळत नाही.

पुस्तकाचं नाव 'मिशन लाइफ इन क्री-ओजिब्वे कंट्री : मेमरीज ऑफ अ मदर अँड सन'. आई म्हणजे एलिझाबेथ बिंगहॅम यंग, मुलगा म्हणजे ई. रायरसन यंग, घरातला एडी. संपादन जेनिफर ब्राउन यांचं. अथाबास्का युनिव्हर्सिटी प्रेसने 2014 मध्ये प्रसिद्ध केलं आणि ते इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहे. त्यामुळे ग्रंथालयात नाही, विकत घेणं परवडत नाही, ही सबब इथे चालणार नाही!

माझा मुद्दा आधीच सांगून टाकते. मिशनऱ्याच्या 'कुटुंबा'चा अभ्यास करताना आपण फोटोतली माणसं मोजतो: नवरा, बायको, मुलं. या पुस्तकाने मला ताटं मोजायला लावली. त्या घरात रोज जेवत कोण होतं, रांधत कोण होतं, पोर कोणाच्या कडेवर होतं आणि त्यातल्या कोणाचं नाव कागदावर आलं? पुस्तक यातल्या पुष्कळ प्रश्नांची उत्तरं देतं. एका ठिकाणी मात्र ते थांबतं आणि माझा आक्षेप तिथे आहे.

आधी हकिकत

एगर्टन रायरसन यंग हा आधी शिक्षक, मग मेथडिस्ट पाळक. जन्म 1840 चा. 1867 च्या नाताळात त्याचं एलिझाबेथशी लग्न झालं. पुढच्या मे महिन्यात हे नवं जोडपं ओंटारिओतल्या हॅमिल्टन शहरातून निघालं आणि जुलैच्या शेवटी विनिपेग सरोवराच्या उत्तर टोकाशी, नॉर्वे हाउसजवळच्या रॉसव्हिल या मिशनवर पोचलं. रेल्वे, घोडागाडी, माळरानावरचे मुक्काम आणि शेवटी वल्ह्यांची बोट, असा हा अडीच महिन्यांचा प्रवास होता.

नॉर्वे हाउस हे हडसन्स बे कंपनीचं ठाणं, म्हणजे फरच्या व्यापाराची मोठी उतारपेठ. रॉसव्हिलचं मिशन 1840 मध्ये जेम्स इव्हान्स या पाळकाने सुरू केलं होतं. क्री भाषेसाठी अक्षरचिन्हांची जी लिपी आजही वापरात आहे ती त्यानेच तिथे छापून पसरवली. त्यामुळे यंग दांपत्य पोचलं तेव्हा गाव काही 'अस्पर्शित' नव्हतं. तिथल्या क्री लोकांना लिहिता-वाचता येत होतं, देवळात गाणारी दुसरी पिढी वाढत होती. हा तपशील लक्षात ठेवा. 'दुर्गम खेड्यात प्रकाश घेऊन गेले' या धर्तीचं वाक्य सिनॉप्सिसमध्ये लिहिण्याचा मोह होतो, तेव्हा तो उपयोगी पडतो.

रॉसव्हिलला पाच वर्षं काढल्यावर यंग कुटुंब सरोवराच्या पूर्व काठावरच्या बेरेन्स रिव्हर इथे गेलं. तिथली वस्ती ओजिब्वे लोकांची. त्या काळच्या कागदांत त्यांना सोल्टो म्हटलेलं दिसतं. इथे मिशन नव्याने उभं करायचं होतं. 1876 मध्ये सगळे ओंटारिओला परतले. या आठ वर्षांत एलिझाबेथला चार मुलं झाली.

तीन लेखन, तीन वेळा, तीन गिऱ्हाइकं

घरातलं पहिलं लेखन नवऱ्याचं. 'बाय कनू अँड डॉग-ट्रेन' हे त्याचं पुस्तक 1890 मध्ये लंडनमध्ये निघालं आणि भरपूर खपलं. तोवर त्याला उत्तर सोडून चौदा वर्षं झाली होती. पुढे तो इंग्लंड-अमेरिकेत व्याख्यानं देत फिरला. हे पुस्तक कोणासाठी आहे, हे वाचताना सारखं जाणवतं. समोर मिशनला मदत करणारे वाचक आहेत. त्यांना बर्फ हवं, कुत्र्यांच्या स्लेज हव्यात, संकट हवं आणि शेवटी देवाची कृपा हवी. लेखक हे सगळं पुरवतो. तो खोटं लिहितो असं मी म्हणत नाहीये. तो निवडून लिहितो, आणि निवड करताना गिऱ्हाईक डोळ्यांपुढे ठेवतो.

दुसरं लेखन एलिझाबेथचं. तिने आठवणी लिहिल्या त्या म्हातारपणी. नवरा 1909 मध्ये वारला, त्यानंतरही ती बरीच वर्षं होती. तिला व्याख्यान द्यायचं नव्हतं, वर्गणी जमवायची नव्हती. म्हणून तिच्या लेखनात थंडी येते ती आठ महिने सरपण पुरवायची थंडी म्हणून. भूक येते ती आज शिजवायला काय आहे, या रूपात. धर्म तिच्या आठवणींत आहे, पण जेवणातल्या मिठासारखा. वेगळा वाढलेला दिसत नाही.

तिसरं लेखन एडीचं. त्याचा जन्म 1869 मध्ये रॉसव्हिलला झाला आणि सात वर्षांचा होता तेव्हा त्याने उत्तर सोडली. म्हणजे हे मोठ्या माणसाने लिहिलेलं बालपण आहे. शिवाय तो स्वतः पुढे पाळक झाला, त्याने वडिलांची पुस्तकं नक्कीच वाचलेली. मग यातली आठवण किती आणि वाचलेलं किती? हा प्रश्न तुम्ही प्रत्येक पानावर विचारायला हवा. माझा एक साधा ठोकताळा आहे. मुलाच्या उंचीवरून दिसणाऱ्या गोष्टी (वास, चव, कोणाचा हात, कोणाची मांडी) बहुधा त्याच्या स्वतःच्या असतात. तारखा, अंतरं आणि मिशनचे हेतू बहुधा घरात ऐकलेले असतात. हा नियम नाही, पण सुरुवात करायला बरा पडतो.

व्हायवामध्ये 'तुमचं साधन विश्वसनीय आहे का' असा प्रश्न हमखास येतो. त्याचं हो-नाही असं उत्तर देऊ नका. साधन कशाबद्दल विश्वसनीय आहे, ते सांगा. एगर्टनचं पुस्तक 1890 च्या वाचकांना काय हवं होतं याबद्दल उत्तम साक्ष देतं. रॉसव्हिलच्या चुलीबद्दल ते तितकं भरवशाचं नाही.

मासे, सरपण आणि सेवेचा हिशेब

आता चुलीकडेच जाऊ. रॉसव्हिलचं रोजचं अन्न म्हणजे मासे. दिवसाची तीन जेवणं, आठवड्याची एकवीस, आणि एकवीसही वेळा बहुधा तेच. विनिपेग सरोवरातला व्हाइटफिश हा सगळ्यांचाच आधार होता. पाणी गोठायच्या सुमारास जाळी लावून हजारो मासे धरायचे, उंच माचाणांवर टांगून गोठू द्यायचे आणि हिवाळाभर पुरवायचे. त्यात कुत्र्यांचाही वाटा असे. स्लेज ओढणाऱ्या कुत्र्यांना दिवसाकाठी एकदाच, रात्री, मासेच खायला घालत.

इथे जरा हिशेब करा. पाळकाचं काम कसं होतं? उन्हाळ्यात होडीतून आणि हिवाळ्यात स्लेजवरून शेकडो मैलांवरच्या वस्त्यांना भेटी. एकेका फेरीत कित्येक आठवडे. तो घराबाहेर पडला की मागे मिशन कोण चालवत होतं? आजाऱ्यांना औषध कोण देत होतं, दारात आलेल्या उपाशी माणसाला जेवू कोण घालत होतं, क्री बायकांशी मोडक्यातोडक्या क्री भाषेत कोण बोलत होतं? एलिझाबेथ. ती नर्स झाली, डॉक्टर झाली, भाषा शिकली. यातल्या कशासाठीही मिशन सोसायटीने तिची नेमणूक केलेली नव्हती. नेमणूक नवऱ्याची. पगार नवऱ्याचा. अहवाल नवऱ्याच्या सहीचा.

मिशनच्या आर्काइव्हमध्ये काम करणाऱ्यांना हे नीट कळून घ्यावं लागतं. अहवालात जे 'मिशनने केलं' म्हणून येतं, त्यातलं बरंचसं बायकोने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून केलेलं असतं. तिचं नाव शोधायचं तर अहवालांत नका शोधू. घरच्या पत्रांत, वाणसामानाच्या याद्यांत आणि म्हातारपणीच्या आठवणींत शोधा. ब्राउन यांच्या पुस्तकाची सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच. ओसरीवरचा इतिहास आपल्याकडे 1890 पासून होता, माजघरातला 2014 मध्ये हाती आला.

जो तिथे नव्हता तोच सांगतो

1873 च्या उन्हाळ्यात एलिझाबेथ मुलांना घेऊन रॉसव्हिलहून दक्षिणेला, रेड नदीकडे निघाली. उघड्या बोटीतला प्रवास, कडक ऊन. वाटेत तान्ही नेली आजारी पडली आणि वारली. एगर्टन बरोबर नव्हता, त्याला मिशनच्या कामासाठी मागे राहावं लागलं होतं.

मी हा प्रसंग हळहळ वाटावी म्हणून सांगत नाही. (हळहळ वाटेल, वाटायलाच हवी.) यात पद्धतीचा एक महत्त्वाचा धडा आहे. बोटीत काय झालं हे एगर्टन जेव्हा सांगतो, तेव्हा ती माहिती त्याला कुठून मिळाली? बायकोकडूनच, किंवा बोटीवरच्या माणसांकडून. म्हणजे साक्षीदार एक आणि लेखक दुसराच. पुस्तकाच्या मुखपृष्ठावर एकाचं नाव असलं तरी आतली साक्ष बहुतेकदा दुसऱ्याची असते.

हा प्रश्न तुमच्या साधनांनाही विचारून पाहा. कुठल्याही आत्मचरित्रातलं एक प्रकरण घ्या आणि प्रत्येक प्रसंगापुढे समासात लिहा: लेखक तिथे हजर होता का? नसेल तर कोणी सांगितलं? दहा पानांत तुम्हाला दिसेल की 'मी'च्या मागे किती माणसं उभी आहेत. घरातल्या प्रसंगांच्या बाबतीत त्यात बहुतेक बायका निघतात.

नेलीच्या मृत्यूचा आणखी एक अर्थ आहे. मिशनरी लेखनात असं दुःख 'त्याग' या शब्दाखाली ठेवतात. पण त्याग म्हणजे स्वतःहून दिलेली गोष्ट. प्रवासाला निघायचा दिवस एलिझाबेथने ठरवला होता का? बदली तिने मागितली होती का? निर्णय सोसायटीचा आणि नवऱ्याचा, किंमत तिची आणि लेकराची. अशा ठिकाणी साधनातला शब्द जसाच्या तसा उचलून स्वतःच्या प्रबंधात वापरू नका. तो शब्द कोणी, कोणासाठी वापरला ते सांगा आणि आपलं वाक्य साध्या शब्दांत लिहा.

लिटल मेरी आणि सँडी

आता ताटांचा प्रश्न. एडीला जन्मापासून सांभाळलं ते एका क्री बाईने. घरात तिला सगळे 'लिटल मेरी' म्हणत. एडीची पहिली भाषिक दुनिया तिच्या मांडीवर घडली. तो क्री ऐकत, क्री बोलत, क्री जेवण जेवत वाढला. 1876 मध्ये कुटुंब ओंटारिओला 'घरी' परतलं, तेव्हा ते घर आई-वडिलांचं होतं. सात वर्षांच्या एडीसाठी तो परदेश होता.

दुसरं माणूस सँडी हार्ट. नेल्सन नदीकडचा क्री मुलगा, गोळी लागून पायाने अधू झालेला. दौऱ्यावर असताना एगर्टनने त्याला पाहिलं आणि याला शिकवलं पाहिजे, असं त्याच्या वडिलांजवळ बोलून दाखवलं. बोलणारा विसरला, ऐकणारे विसरले नाहीत. पुढे मुलगा खरोखरच मिशनच्या दाराशी येऊन उभा राहिला. तो घरात राहिला, शिकला, नंतर आपल्या लोकांत परत गेला. एगर्टनच्या पुस्तकात ही यशाची गोष्ट आहे. एलिझाबेथच्या बाजूने पाहिलं तर शब्द नवऱ्याने दिला आणि आधीच ओढाताणीच्या घरात आणखी एक ताट तिला मांडावं लागलं.

म्हणजे या 'मिशनरी कुटुंबा'त यंग मंडळींखेरीज निदान दोन क्री माणसं आहेत. एक पगारी असेल, दुसरा पाहुणा-कम-विद्यार्थी. दोघांशिवाय त्या घराचं वर्णन पुरं होत नाही. ब्राउन हे ओळखतात आणि ठळकपणे मांडतात. मुलाच्या आठवणी आईच्या आठवणींशेजारी ठेवल्याने लिटल मेरी पुढे येते, हे संपादनातलं शहाणपण आहे. मोठ्यांना घरातलं माणूस आणि कामाचं माणूस हा भेद कळतो. लेकराला तो कळत नाही, म्हणून तिची आठवण त्यानेच जपली.

आता एक तुलना पाहा. एगर्टनने 1902 मध्ये 'माय डॉग्ज इन द नॉर्थलँड' नावाचं पुस्तक लिहिलं, आपल्या स्लेजच्या कुत्र्यांवर. जॅक, कफी वगैरे कुत्र्यांची नावं, स्वभाव, खोड्या सगळं त्यात सविस्तर आहे. जॅक लंडनने 'कॉल ऑफ द वाइल्ड' लिहिताना हे पुस्तक वापरलं आणि तसं मान्यही केलं. त्या घरातल्या कुत्र्यांच्या स्वभावखुणा अशा जगभरच्या वाचकांपर्यंत पोचल्या. ज्या बाईने त्याच घरातला मुलगा वाढवला तिचं नाव वाचकांपुढे नीट यायला 2014 उजाडावं लागलं. आर्काइव्हमध्ये काय टिकतं आणि काय गळतं हे शिकवायला मला याहून सोपं उदाहरण सापडलेलं नाही.

माझे आक्षेप

पुस्तक चांगलं आहे म्हणूनच त्याच्याशी भांडायचं. तीन मुद्दे मांडते.

पहिला. संपादिका यंग दांपत्याची पणती आहेत. कागद घरातच राहिले, जपले गेले, म्हणून हे पुस्तक होऊ शकलं. शिवाय त्या साध्यासुध्या पणती नाहीत. फरच्या व्यापारातल्या कुटुंबांवरचं त्यांचं 'स्ट्रेंजर्स इन ब्लड' (1980) आणि त्याच वर्षीचं सिल्व्हिया व्हॅन कर्क यांचं 'मेनी टेंडर टाइज' या दोन पुस्तकांनी त्या भागाच्या इतिहासात घर आणि बाई यांना मध्यभागी आणलं. तरीही घरचे कागद घरच्या माणसाने संपादित केले की एक मऊपणा येतो. टीपा नेमक्या आहेत, तपासणी कसून केलेली आहे, पण पणजीला अडचणीत टाकणारा प्रश्न ज्या ठिकाणी यायला हवा तिथे आवाज थोडा खाली येतो. तुमच्यापैकी जे आजोबांची डायरी किंवा आजीची पत्रं घेऊन संशोधन करायचं म्हणताहेत, त्यांनी याचा विचार आत्ताच करावा. नातं लपवू नका. पण नातं सांगून टाकलं म्हणजे काम झालं असंही समजू नका.

दुसरा. पुस्तकात एडीच्या वाढण्याला उलट दिशेचं संस्कृतीग्रहण म्हटलं आहे. म्हणजे मिशनरी बदलायला गेले आणि त्यांचाच मुलगा बदलला. कल्पना आकर्षक आहे आणि खरीही आहे, पण ती दोन्ही बाजू समान असल्याचा भास करून देते. एडीने क्री भाषा घेतली ती प्रेमाने आणि परत गेल्यावर ती सोडूनही देता आली. क्री मुलांना इंग्रजी आणि इंग्रजी वळण घ्यावं लागलं, त्यांना परतायला वेगळं गाव नव्हतं. पुढे नॉर्वे हाउसला मेथडिस्टांचीच निवासी शाळा निघाली आणि अशा शाळांत आदिवासी मुलांना घरापासून व भाषेपासून कसं तोडलं गेलं, ते कॅनडाच्या सत्यशोधन आयोगाने 2015 च्या अहवालात मांडलं. सँडीला घरात ठेवणारी एलिझाबेथ त्या शाळांना जबाबदार नाही. पण 'मुलाला त्याच्या घरातून आणून आपल्या घरात शिकवायचं' ही कल्पना तिच्या स्वयंपाकघरात मायेच्या रूपात होती आणि पुढे व्यवस्थेच्या रूपात आली. या दोन रूपांमधला धागा पुस्तकाने आणखी ताणून पाहायला हवा होता.

तिसरा आणि मुख्य. लिटल मेरी आपल्याला दिसते ती एडीच्या प्रेमातून. तिने स्वतः लिहिलेलं काही आपल्यासमोर नाही. सांभाळलेल्या मुलाने दाईवर लिहिणं हा प्रकार आपल्यालाही परका नाही. ब्रिटिश काळात हिंदुस्थानात वाढलेल्या गोऱ्या मुलांनी आपापल्या आयांबद्दल किती गहिवरून लिहिलंय! तो गहिवर खरा असतो. पण आयेची स्वतःची मुलं त्या वेळी कोणाजवळ होती, तिला पैसे किती मिळत, मुलगा परदेशी गेल्यावर तिचं काय झालं, हे त्यात नसतं. प्रेमाची आठवण ही प्रेम मिळालेल्याची साक्ष असते. देणाऱ्याची साक्ष वेगळी शोधावी लागते. शीर्षकात 'आई आणि मुलगा' असं म्हणून पुस्तक ज्या चौकटीत बसलं, तिच्या बाहेर ही तिसरी व्यक्ती उभी आहे. तिला आत घेतलं आहे, पण पाहुणी म्हणून.

मग दुसरी बाजू कुठे मिळेल?

इथे बरेच विद्यार्थी हात टेकतात. 'स्थानिकांनी लिहूनच ठेवलं नाही, काय करणार?' हे वाक्य लिहिण्याआधी शोधून बघा. बेरेन्स रिव्हरच्या बाबतीत तरी ते खरं नाही.

तिथला प्रमुख जेकब बेरेन्स. त्याचा मुलगा विल्यम बेरेन्स, जन्म 1866 चा. म्हणजे एडी बेरेन्स रिव्हरला आला तेव्हा विल्यम त्याच गावात, त्याच्याहून तीनेक वर्षांनी मोठा असा पोरगा होता. पुढे विल्यम स्वतः प्रमुख झाला आणि 1930 च्या दशकात ए. आयर्व्हिंग हॅलोवेल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाला त्याने आपल्या आठवणी, कथा, स्वप्नं सांगितली. तेही पुस्तक ब्राउन यांनीच सुझन इलेन ग्रे यांच्यासोबत 2009 मध्ये प्रसिद्ध केलं: 'मेमरीज, मिथ्स अँड ड्रीम्स ऑफ अन ओजिब्वे लीडर'. एक गाव, एक काळ, दोन मुलगे, दोघांच्याही म्हातारपणीच्या आठवणी. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवून वाचणं हा एखाद्या उत्तम शोधनिबंधाचा विषय आहे. कोणी घेतला तर मला आनंद होईल.

आणि एक कागद सरकारी. 20 सप्टेंबर 1875 रोजी बेरेन्स रिव्हर इथे कॅनडा सरकार आणि तिथले लोक यांच्यात पाचव्या क्रमांकाचा तह झाला. जमिनीवरचा हक्क सोडून देण्याचा तो तह. प्रमुख म्हणून जेकब बेरेन्स त्यात आहे. खाली साक्षीदारांची नावं बघा. एगर्टन रायरसन यंग तर आहेच, शिवाय एलिझाबेथ यंग हेही नाव आहे. जिची सही मिशनच्या अहवालावर कधी लागत नव्हती, तिची सही जमीन जाण्याच्या कागदावर आहे. 'घरात राहणारी बाई, तिचा राजकारणाशी काय संबंध' असं म्हणणाऱ्यांना हा कागद दाखवा. आणि 'बिचारी सोसणारी पत्नी' एवढंच चित्र रंगवणाऱ्यांनाही दाखवा. सोसणं आणि सामील असणं दोन्ही एकाच बाईच्या वाट्याला आलेलं असतं. प्रबंधात दोन्ही यायला हवं, एकाने दुसरं झाकलं जाता कामा नये.

तुमच्या टेबलावर

मराठी साधनांवर काम करणाऱ्यांना एक नाव केव्हाच आठवलं असेल. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आपल्याकडे 1934 पासून भागाभागाने आली. पाळक-कवीच्या घरातल्या बायकोने सांगितलेलं घर म्हणून ती वाचण्याची आपल्याला सवय आहे. तुलना करताना मात्र जपून. लक्ष्मीबाई आपल्याच मुलखात, आपल्याच भाषेत होत्या, धर्म बदलण्याचा घाव त्यांनी आतून सोसला. एलिझाबेथ दुसऱ्याच्या मुलखात गेलेली होती. एकीला एलिझाबेथसारखी आणि दुसरीला लिटल मेरीसारखी असं जुळवत बसू नका. प्रश्न तेवढे उसने घ्या. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनपासून कितीतरी मिशन-घरांचे कागद अजून याच प्रश्नांची वाट बघत आहेत: स्वयंपाक कोण करत होतं, मुलांना कोण झोपवत होतं, त्यांची नावं हिशेबाच्या वहीत कशी लिहिली आहेत?

शेवटी एक काम देते. तुमच्या विषयातलं एक 'कुटुंब' निवडा, मिशनऱ्याचं, कलेक्टरचं, संस्थानिकाचं, समाजसुधारकाचं, कोणाचंही. कागदावर त्या घरातली ताटं मांडा. प्रत्येक ताटापुढे लिहा: या माणसाबद्दल आपल्याला कोणाच्या लेखणीतून कळतं, ते लिहिताना तो लेखक केवढा होता आणि कोणासाठी लिहीत होता. काही ताटांपुढची जागा कोरी राहील. ती कोरी जागा सिनॉप्सिसमधून पुसू नका. गाईड विचारतील, 'इथे साधन कुठाय?' तेव्हा सांगा, ते शोधायलाच तर तीन वर्षं मागतोय.